मेन आणि मेन : इंग्रजीचे स्वर आणि सोलापूरचा कान



तत्त्वज्ञानाच्या माणसाने इंग्रजी उच्चारांवर कशाला बोलावे, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. रास्त आहे. पण या विषयाकडे आम्ही वळलो ते आवडीने नव्हे, तर आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. आधी तीच सांगतो.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तर्कशास्त्राचा तास चालू होता. पूर्वभागातला एक मुलगा वर्गात होता. घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर. आम्ही त्याला उभे करून फळ्यावरचे वाक्य वाचायला सांगितले. तर्कशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेलेच वाक्य : सर्व माणसे मर्त्य आहेत. इंग्रजीत होते. त्याने वाचले, 'आल मेन आर मार्टल.' वर्ग हसला. आणि खोटे कशाला बोलू, आम्हीही हसलो. 'आल नव्हे बाबा, ऑल. मार्टल नव्हे, मॉर्टल.' तो खाली बसला. त्यानंतर दोन वर्षे त्याने वर्गात मोठ्याने एक अक्षर वाचले नाही. पेपरात मात्र गुण उत्तम.

तेव्हा आम्हाला वाटले, आपण उच्चार सुधारला. आपण काय केले, ते कळायला फार वर्षे लागली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचा इतिहास आहे असे समजा.

आता मुळापासून पाहू. इंग्रजीत स्वरांची अक्षरे पाच. ए, ई, आय, ओ, यू. आणि स्वर किती? इंग्लंडमध्ये जो उच्चार प्रमाण मानला गेला, त्यात साधे आणि जोडस्वर मिळून साधारण २० मोजतात. म्हणजे पाच खोल्यांच्या वाड्यात वीस बिऱ्हाडे. मग एका खोलीत चारचार जणांना राहावे लागते. 'ए' हे एकच अक्षर घ्या. कॅट, फादर, नेम, ऑल, मेनी, अबाऊट. सहा शब्द, सहा उच्चार, अक्षर एकच.

हे असे का झाले? इंग्रज मुळातच अव्यवस्थित म्हणून? नाही. त्यांची अक्षरे एका काळची आहेत आणि तोंड दुसऱ्या काळचे. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडून वर सरकले. येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने या घटनेला महास्वरांतर म्हणता येईल असे नाव दिले. चॉसर हा कवी १४०० साली वारला. त्याच्या काळी 'टाइम' हा शब्द 'टीम'सारखा उच्चारत, 'हाउस' हा 'हूस'सारखा, 'मून' हा 'मोन'सारखा. आणि 'नेम'? त्याचा उच्चार होता 'नाम', शेवटी एक पुसटसा 'अ' धरून. आपले 'नाम' आणि त्यांचे 'नेम' ही एकाच कुळातली भावंडे, हे आपण पुस्तकात वाचतो. सहाशे वर्षांपूर्वी ते कानालाही ऐकू आले असते.

आता दैव पाहा. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हा हे स्थलांतर चालू होते. छापखान्याने स्पेलिंगला हळूहळू थिजवले, उच्चार मात्र चालतच राहिला. पुढे १७५५ मध्ये जॉन्सनचा कोश आला आणि स्पेलिंगवर शिक्कामोर्तब झाले. एखाद्याने घर बदलावे आणि दारावरची पाटी जुन्याच घरावर राहावी, तसे हे झाले. पोस्टमन बिचारा अजून जुन्या पत्त्यावर पत्रे टाकतो.

शाळेत मुले विचारतात, 'फूड'मध्ये दोन ओ म्हणजे ऊ, मग 'गुड'मध्ये उ आणि 'ब्लड'मध्ये अ कसा? गुरुजी म्हणतात, पाठ कर. पण उत्तर आहे. तिघांचाही स्वर एके काळी लांब 'ओ' होता. तिघेही 'ऊ'पर्यंत सरकले. 'ब्लड' त्यातला आधी आखूड झाला. त्यानंतर सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात आखूड 'उ'चा आपल्या 'अ'सारखा उच्चार होऊ लागला, त्या लाटेत तो सापडला. 'गुड' उशिरा आखूड झाला, म्हणून वाचला. 'फूड' आखूड झालाच नाही. उत्तर इंग्लंडात ती लाट पोचलीच नाही. तिकडचा माणूस आजही 'कप'ला 'कुप'सारखे म्हणतो, आणि तो इंग्रजच असतो.

ही लाट लक्षात ठेवा, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. याच सतराव्या शतकात कंपनीची गलबते सुरतेला लागत होती. त्यांच्या कानावर आपला 'अ' पडला. तो लिहायचा कसा? त्यांच्या 'ए' अक्षरात तो आवाज नव्हता. 'यू' अक्षरात मात्र नुकताच येऊन बसला होता. म्हणून 'पंडित', 'पंजाब', 'जंगल', 'बंगला' हे सगळे त्यांनी 'यू' घालून लिहिले. आपण हसतो, की 'पुंडित' काय, 'पुंजाब' काय! पण त्यांच्या दृष्टीने ते बिनचूक होते. पुढे हिंदुस्तानीचा पंडित गिलख्रिस्त यानेही हीच रीत धरली, 'अ'ला यू आणि 'उ'ला दोन ओ.

याच्या उलट रीत सर विल्यम जोन्सची. 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात, १७८८ मध्ये, त्याने आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर निबंध छापला. स्वतः इंग्रज असून इंग्रजी स्पेलिंगची त्याने त्यात लाज काढली आहे, आणि देवनागरीची मांडणी सर्वांत नैसर्गिक असल्याचे म्हटले आहे. त्याचा मार्ग असा : व्यंजने इंग्रजीप्रमाणे, पण स्वर इटालियनप्रमाणे. म्हणजे 'आय'चा उच्चार इ, 'यू'चा उ, 'ई'चा ए, आणि 'अ', 'आ' दोन्हींसाठी 'ए' अक्षर, आ असेल तर वर खूण. स्थलांतराच्या आधीचे स्वर, म्हणा ना.

'अ' आणि 'आ' यांना एकच अक्षर द्यावे की दोन, हा वाद मात्र जोन्सपेक्षा फार जुना आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे अगदी शेवटचे सूत्र या 'अ'वरच आहे. ग्रंथभर त्याने 'अ' आणि 'आ' यांना सवर्ण धरून नियम चालवले. शेवटी त्याने सांगून टाकले की प्रत्यक्ष बोलताना 'अ' हा संवृत, म्हणजे मिटलेल्या तोंडाचा आहे. व्यवहाराला सोयीचे एक आणि कानाला खरे दुसरे, हे त्याला माहीत होते आणि ते त्याने लपवले नाही. गिलख्रिस्तने कान धरला, जोन्सने व्यवस्था धरली. पाणिनीने दोन्ही धरले.

पुढे सरकारला गावांची नावे एका रीतीने लिहायची होती. विल्यम विल्सन हंटरने १८७१ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका छापली. तिचा पाया जोन्सचाच. रूढ झालेली नावे तेवढी सोडली. आपल्या शहराचे 'पूर' आधी दोन ओ घालून लिहीत. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात, विसाव्या खंडात, ते एका 'यू'वर आले. सुरुवातीचा 'श' मात्र, 'शोलापूर'मधला, पुष्कळ वर्षे चिकटून राहिला. १९५० साली जुन्या मिलसाठी संसदेने केलेल्या कायद्याच्या नावातही तो आहे.

आता यातून झाले काय? आपला मुलगा आधी स्वतःचे नाव रोमनमध्ये लिहायला शिकतो, ते जोन्स-हंटरच्या स्वरांत. 'आय' म्हणजे इ, 'यू' म्हणजे उ. मग तो इंग्रजीचे पुस्तक उघडतो, तिथे तीच अक्षरे, पण स्वर स्थलांतरानंतरचे. एका लिपीत दोन पद्धती, आणि त्या दोन आहेत हे त्याला कुणी सांगितलेले नसते. गंमत पाहायची तर आडनावे पाहा. साने हे नाव परक्या इंग्रजाने वाचले की 'सेन' होते, काळे 'केल' होतात, दाते 'डेट' होतात, आणि मोरे नुसतेच 'मोर' उरतात. कारण त्यांचा शेवटचा 'ई' कधीच मुका झाला आणि आपला अजून बोलतो आहे.

इथवर इंग्रजांचे झाले. आता आपल्याकडे या. इंग्रजी शब्द आपण कसे ऐकले? कॅप्टन स्टुअर्ट १७७९ मध्ये कार्ल्याला पडला. मराठ्यांनी त्याचा 'इष्टुर फाकडा' केला. एल्फिन्स्टनचा 'अल्पिष्टन' झाला. पुढे वर्तमानपत्रे आली, शाळा आल्या, आणि दोन स्वर आपल्या दारात उभे राहिले, ज्यांना आपल्याकडे जागा नव्हती. कॅटमधला ॲ आणि लॉर्डमधला ऑ.

आपल्या पणजोबांनी काय केले? 'ॲ'साठी 'या' जोडला. ब्यांक, ग्यास, म्यानेजर, क्याप्टन. आणि 'ऑ'साठी सरळ 'आ' लिहिला. लार्ड, कालेज, डाक्टर. हे अडाण्यांचे लिहिणे नव्हते, त्या काळच्या छापील मराठीत ते आढळते. बंगालीत आजही बँक 'ब्यांक'सारखीच लिहितात. मग हळूहळू डोक्यावरची ती अर्धचंद्राची खूण रुळली. हिंदीने ऑ घेतला, पण ॲ घेतला नाही, त्यांची 'बैंक' राहिली. आपण दोन्ही घेतले. तरी बाराखडीत त्यांना बसायला पाट नव्हता. संगणकावर मराठी वळणाचा 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्वर म्हणून मान्यता दिली.

म्हणजे मंडळी, हिशेब करा. त्या मुलाचा 'आल' आणि 'मार्टल' हा आमच्याच पणजोबांचा उच्चार होता. तेलुगूत, कन्नडात ऑ लिहायला तसे अक्षर नाही, म्हणून तिथे 'आ' लिहितात आणि वाचतात. ज्या अक्षराला आमच्या बाराखडीत अजून जागा मिळाली नव्हती, ते त्याला आले नाही म्हणून आम्ही हसलो.

पण हिशेब इथे संपत नाही. उरलेला भाग जास्त बोचतो. मराठीत 'ए' एकच, ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. तेलुगूत आणि कन्नडात दोन आहेत, दोन वेगळी अक्षरे. 'ओ'चेही तसेच. परीक्षा म्हणजे टेस्ट आणि चव म्हणजेही टेस्ट. चादरींच्या दुकानावर सेल आणि घड्याळात घालतात तोही सेल. वाट पाहणे वेट आणि ओले तेही वेट. आपण मराठी माणसे हे सगळे एकाच तोंडाने म्हणतो, एकाच अक्षराने लिहितो, आणि दोन आहेत याचा पत्ताही नसतो. 'भरलेला' या अर्थी फुल आणि 'मूर्ख' या अर्थी फूल, यांतही आपली जीभ लांबच धरते, कारण आपल्या फूल, मूल, पूर यांनी तिला तेच वळण लावले आहे. पूर्वभागातल्या घरात मात्र आखूड ए आणि लांब ए लहानपणापासून वेगळे कानावर पडतात. इतकेच काय, तेलुगू बोलीत 'तो आला' या अर्थाच्या 'वच्चाडु'मधला 'चा' चक्क 'चॅ' ऐकू येतो. लिपीत नाही, तोंडात आहे.

आता ते वाक्य पुन्हा आठवा. 'मेन', म्हणजे माणसे. त्यात आखूड ए आहे. त्या मुलाने तो आखूडच म्हटला होता. बरोबर म्हटला होता. आणि आम्ही, त्याची चूक काढून, तेच वाक्य वर्गाला म्हणून दाखवले. आमचा 'मेन' होता तो मेन रोडमधला मेन. वर्गातली तेलुगू आणि कन्नड मुले ते ऐकत असणार. एकही हसले नाही.

कुणी विचारेल, मग उच्चार शिकवूच नये काय? अवश्य शिकवावा. डॅनियल जोन्सने १९१७ मध्ये उच्चारकोश काढला, तो माणसांना लाजवायला नव्हे, स्वर नोंदवायला. शिकवताना एवढेच सांगावे, की इथे दोन व्यवस्था भेटत आहेत, आणि तुझ्या घरच्या भाषेने तुला यातले अमुक आधीच दिले आहे. सोलापूरच्या एका बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशी चार घरे बसतात. इंग्रजीच्या वीस बिऱ्हाडांपैकी प्रत्येक घराच्या ओळखीची निरनिराळी आहेत.

शेवटी आपल्या गावाचे. सिद्धरामेश्वरांच्या गावाचे कन्नडातले जुने नाव आपण देवनागरीत 'सोन्नलिगे' असे लिहितो. कन्नडात त्यातला पहिला 'सो' ऱ्हस्व आहे आणि शेवटचा 'गे'ही ऱ्हस्व. हे दोन्ही स्वर लिहायला आपल्या मराठी बाराखडीत अक्षर नाही. पणजोबांपासून इथे राहून आपल्याच गावाचे नाव आपल्याला पुरते लिहिता येत नाही. त्याबद्दल आजवर आपल्याला कुणी हसलेले नाही.

तो मुलगा आज साठीच्या घरात असेल. या मालेचे व्हिडिओ पुष्कळ लोक पाहतात असे संयोजक सांगतात. त्यानेही पाहिला, तर त्याला एवढेच सांगायचे आहे : वाक्य तू आमच्यापेक्षा बरे वाचले होतेस.