पऱ्हाटी आणि प्लॅस्टिक

इंदूरजवळील हातोद हा माळव्याच्या काळ्या मातीतील कसबा. आज या भागात सोयाबीन आणि गहू ही पिके प्रामुख्याने दिसतात; पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे कापसाला मोठे महत्त्व होते आणि इंदूरच्या गिरण्या कापसावरच चालत. हा कापूस म्हणजे निसर्गनिर्मित बहुवारिक होय. एकाच जातीचे लहान रेणू साखळीतील कड्यांप्रमाणे जोडले गेले, म्हणजे जो महारेणू बनतो, त्याला बहुवारिक म्हणतात. कापसाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग असलेले सेल्युलोज हे ग्लुकोजच्या हजारो कड्यांचे बनलेले असते. लोकर, रेशीम आणि रबर हीही बहुवारिकेच.

मनुष्याने प्रथम निसर्गाच्याच साखळीला नवे रूप दिले. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्यात कापूर मिसळला, की सेल्युलॉइड तयार होते. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट याने ते प्रचारात आणले. पुढे त्याचे कंगवे झाले आणि चित्रपटाची फीतही झाली. १९०७ मध्ये लिओ बेकलंड याने बेकेलाइट हे संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक सिद्ध केले. त्याची विजेची बटणे घरोघरी आली. १९३३ मध्ये पॉलिथीन व १९३५ मध्ये नायलॉन अवतरले. हे पदार्थ दीर्घ साखळ्यांचे असतात, हा विचार हरमान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्येच मांडला होता. त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याच काळात इंदूरला साखळी जोडण्याचा नव्हे, तर ती सोडविण्याचा प्रयोग चालू होता. कापसाच्या संशोधनासाठी १९२४ मध्ये तेथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या टणक असतात. त्या सहजासहजी कुजत नाहीत. संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड व रसायनज्ञ यशवंत वाड यांनी त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या. मग शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांसह त्यांचे थर खड्ड्यांत रचले. पाणी आणि हवा मिळावी म्हणून ते तीन वेळा उलथले, आणि सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार झाले. बुरशी व जिवाणू यांनी सेल्युलोजच्या कड्या सोडविल्या होत्या. हॉवर्ड आणि वाड यांच्या १९३१ च्या ग्रंथामुळे ही ‘इंदूर पद्धत’ देशोदेशी पोहोचली.

पॉलिथीनची साखळी मात्र या जीवांना सहसा तोडता येत नाही. ऊन-वाऱ्याने पिशवीचे तुकडे होतात, पण त्यांची माती होत नाही. ठिबक सिंचनाची नळी किंवा रुग्णालयातील सलाईनची पिशवी यांचे मोल कोणी नाकारणार नाही. पण घडीभर वापरायची वस्तू शतकभर टिकणाऱ्या पदार्थाची का करावी, हा प्रश्न उरतोच. १ जुलै २०२२ पासून भारतात एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, ती याच कारणाने. हातोदच्या शिवारात पऱ्हाटी मातीला मिळाली, तर पुढल्या पिकाचे पोषण करते. पिशवी तिथे नांगराच्या फाळाला अडकते. पदार्थ निवडताना त्याच्या उपयोगाबरोबर त्याच्या शेवटाचाही हिशेब मांडणे म्हणूनच आवश्यक आहे.