शर्यतीचा घोडा आणि रोजचा टांगा

बदनापूर हे दुधना नदीच्या काठचे, जालना-औरंगाबाद रस्त्यावर वसलेले गाव. सकाळी सहाच्या सुमारास कोणी येथील थांब्यावर उभा राहिला, तर त्यास एक नित्याचे दृश्य दिसेल. हातात डबा, खांद्याला पिशवी आणि डोळ्यांत अर्धी झोप, अशी माणसे एसटीची, काळीपिवळीची, नाही तर कुणा ओळखीच्याच्या मोटारसायकलची वाट पाहत असतात. कोणी चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात जाणारा, कोणी जालन्याच्या कचेरीत बसणारा, कोणी माझ्यासारखा शाळामास्तर. या येरझाऱ्यांना आमच्याकडे 'अपडाऊन' म्हणतात. रेल्वेच्या वेळापत्रकातला हा शब्द लोकांनी उचलला आणि संसारात आणून ठेवला. 'मुलगा काय करतो?' असे विचारले, की 'अपडाऊन करतो' हे उत्तर येथे पुरेसे होते.

माझा एक जुना विद्यार्थी वाळूजला नोकरीस आहे. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर पडतात. काही वर्षांपूर्वी त्याने या कामासाठी एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली मोटार घेतली. ऑक्टाव्हिया आर. एस. हे तिचे नाव. ही अक्षरे 'रॅली स्पोर्ट' या दोन शब्दांची. दिसायला चार दारांची घरगुती गाडी. पण अंगात जात स्पोर्ट्स कारची. गावातल्या शहाण्यांनी त्यास नावे ठेवली. एक वृद्ध गृहस्थ तर पारावर सर्वांसमक्ष म्हणाले, "शर्यतीचा घोडा घेतला अन् टांग्याला जुंपला!"

लोक हसले. मीही हसलो. परंतु घरी आल्यावर मनात आले, की ही उपमा इतिहासाला मानवते का? स्पोर्ट्स कार खरोखर शर्यतीसाठीच जन्मली आणि रोजच्या लांबच्या वाटेला चुकून लागली, की गोष्ट उलटी आहे? इतिहास चाळू लागलो, तेव्हा त्या गृहस्थांपेक्षा माझा विद्यार्थी परंपरेला अधिक धरून आहे असे दिसू लागले.

जर्मनीचा बादशहा कैसर विल्हेल्म याचा भाऊ प्रिन्स हाइनरिख यास मोटारींचा मोठा नाद. त्याच्या नावाने १९०८ सालापासून मोटारींची एक चाचणी भरू लागली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती बंद मैदानात होत नसे. चार माणसांना बसता येईल अशा प्रवासी मोटारी घ्यावयाच्या आणि सर्वसाधारण रस्त्यांनी, दिवसामागून दिवस, गावोगाव न्यावयाच्या. १९१० साली हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर होते. त्या वर्षी जिंकला तो फर्डिनंड पोर्श. ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीची ती मोटार त्यानेच आखली होती आणि चालवीतही तोच होता. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीनेही त्या चाचणीसाठी मोटारी तयार केल्या आणि पुढे तशीच गाडी 'प्रिन्स हेन्री' या नावाने गिऱ्हाइकांना विकली. पहिली स्पोर्ट्स कार कोणती, या वादात या गाडीचे नाव हटकून निघते.

याचा अर्थ उघड आहे. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपला गेला नाही. टांग्याच्याच घोड्यांतून चलाख निघालेला घोडा पुढे शर्यतीत गेला. लांबचा पल्ला, साधा रस्ता, सोबतीला माणसे आणि सामान, एवढ्यांना सांभाळून जी मोटार इतरांच्या आधी पोचे, ती स्पोर्ट्स कार.

पुढे ती श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू झाली हे खरे. तरी सामान्य मिळकतीच्या माणसाची आठवण कोणीच ठेवली नाही असे नव्हे. ऑक्सफर्ड येथे मॉरिस गॅरेजेस नावाचे एक मोटारदुकान होते. त्याचा व्यवस्थापक सेसिल किंबर. मॉरिस मायनर या स्वस्त गाडीचा सांगाडा घेऊन त्याने १९२८ च्या लंडन प्रदर्शनात दोन माणसांची एक चिमुकली गाडी मांडली. इंजिन अवघे ८४७ सी.सी.चे, किंमत १७५ पौंड. एम. जी. मिजेट या नावाने ती ओळखली जाऊ लागली. आठवडाभर कचेरीला जावे आणि रविवारी त्याच गाडीने डोंगरचढणीच्या स्पर्धेत उतरावे, अशी सोय त्या गाडीने साध्या पगारदारास करून दिली.

मग उजाडले १९३० साल. या एका वर्षात वेगाच्या इतिहासाची तीन चित्रे शेजारी शेजारी लावता येतात.

पहिले चित्र युरोपातले. वूल्फ बार्नाटो हा धनाढ्य गृहस्थ बेंटली कंपनीचा अध्यक्ष. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघून कॅले बंदरास जाणाऱ्या 'ब्लू ट्रेन' या प्रसिद्ध आगगाडीशी त्याने पैज लावली. मार्च महिन्यात कान गावाहून तो मोटारीने निघाला, रात्रभर पावसाधुक्यातून गाडी हाकली, जहाजाने खाडी ओलांडली आणि ती आगगाडी कॅलेला पोचण्याच्या चार मिनिटे आधी लंडनमध्ये दाखल झाला.

दुसरे चित्र मुंबईचे. तरुण जे. आर. डी. टाटा यांच्याजवळ बुगाटी ही फ्रेंच मोटार होती. ती फार वेगाने चालविल्याचा आरोप त्यांच्यावर आला. बचावासाठी ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले, तेथे वकिलांची पुतणी थेल्मा यांची ओळख झाली, आणि १९३० च्या डिसेंबरात दोघांचा विवाह झाला. इकडे इंदुरास यशवंतराव होळकर महाराजांनीही पुढे अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग मागविली आणि तिच्यावर लंडनच्या कारागिरांकडून अंग चढवून घेतले. या साऱ्या मोटारी दिमाखाच्या होत्या. पण त्यांच्या धन्यांना नऊच्या ठोक्याला कुठल्या हजेरीपुस्तकावर सही करावयाची नव्हती.

तिसरे चित्र या दोहोंपेक्षा साधे, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे. त्याच वर्षी १ जूनला मुंबई-पुण्याच्या दरम्यान दख्खनची राणी धावू लागली. आरंभी ती शर्यतीच्या शौकिनांची आणि सुट्टी साजरी करणाऱ्या साहेबलोकांची गाडी होती. परंतु काळाने तिला रोजच्या प्रवाशांची गाडी केली. पासधारकांच्या पिढ्या तिच्यात वाढल्या. पत्ते, भजन, वाढदिवस, लग्ने जुळविणे, सारे तिच्या डब्यांत झाले. महाराष्ट्रात रोज लांबचा पल्ला वेगाने गाठण्याची हौस ज्याने प्रथम हजारोंना परवडवून दिली, ते वाहन रुळांवरचे होते.

आमचे बदनापूर त्या वेळी निजामाच्या राज्यात. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटर गेज रेल्वे येथून गेली ती १९०० च्या सुमारास. १९३२ साली निजाम राज्य रेल्वेने रस्ता-वाहतुकीचे खाते काढले आणि २७ बसगाड्यांनिशी काम सुरू केले. रेल्वेचा रुंद रूळ आमच्याकडे पोचेपर्यंत मात्र १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. एवढी नव्वद वर्षे आमचा वेग अरुंद रुळाने आखून दिला होता.

आता पुन्हा त्या पोर्शच्या घराण्याकडे वळू. कारण त्याचा धागा फिरत फिरत आमच्या रस्त्यापर्यंत येतो. फर्डिनंड पोर्शने पुढे सामान्य जनांसाठी फोक्सवॅगन आखली. त्याचा मुलगा फेरी याने १९४८ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियातील ग्मुंड या खेड्यात त्याच फोक्सवॅगनचे सुटे भाग वापरून आपली पहिली स्पोर्ट्स कार उभी केली. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि आमचे एक नवे युग सुरू झाले. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्शने ९११ ही गाडी मांडली. तिला मागे दोन लहान आसने होती. सोमवारी कचेरीला आणि रविवारी शर्यतीला तीच गाडी न्यावी, ही मिजेटची युक्ती तिने वरच्या पायरीवर नेली. या गाडीचे वंशज आजही त्याच नावाने निघतात.

त्या काळात आपल्याकडे निवड फार थोडी होती. परदेशी तयार मोटारींच्या आयातीवर कडक बंधने. कुर्ल्याची फियाट, उत्तरपाऱ्याची अॅम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड, यांतून जी मिळेल ती घ्यावयाची, आणि तीही वर्षानुवर्षे नंबर लावून. मोटारधंद्यावरचे परवान्याचे बंधन सुटले ते १९९३ साली. त्यानंतर २००१ मध्ये औरंगाबाद-जालना रस्त्यावर शेंद्रा येथे चेक प्रजासत्ताकाच्या जुन्या स्कोडा कंपनीचा कारखाना सुरू झाला. ती कंपनी एव्हाना फोक्सवॅगनच्या घरात गेली होती. तेथे जोडल्या जाणाऱ्या ऑक्टाव्हियाचा तेज प्रकार, म्हणजे ही आर. एस., २००४ मध्ये भारतात विकावयास आली. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. पण पाच माणसे बसावीत आणि मागे धान्याची पोतीही राहावीत एवढी जागा. प्रिन्स हाइनरिखच्या अटी शंभर वर्षांनी पुन्हा पाळल्या गेल्या म्हणा ना!

पैसाही या भागात आला. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. मग रस्ताही आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरची वाट पूर्ण झाली. आमच्याच तालुक्याच्या शिवारातून ती जाते. तीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. बार्नाटोला रात्रभर झुंजून जे साधले, ते आता साध्या गाडीचा साधा चालक पान खात करू शकतो.

आणि येथेच मला थांबावेसे वाटते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे जळून मेली. ते ठिकाण आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले. त्या आठवड्यात आमच्या थांब्यावर कोणी मोठ्याने बोलत नव्हते. वेग साऱ्यांना मिळाला, पण वेग सांभाळण्याची साधने आणि सवयी साऱ्यांना मिळाल्या नाहीत, ही या इतिहासाची काळी बाजू आहे. शर्यतींच्या आणि चाचण्यांच्या मैदानांनी मोटारीला नुसता वेग दिला नाही. चांगले ब्रेक, चांगले टायर आणि वळणावर न ढळणारी बैठकही दिली. लोकांनी पहिली देणगी तेवढी मागून घेतली.

बदनापूरला कडधान्यांचे कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचे नवे वाण एका चांगल्या हंगामावरून कोणी शेतकऱ्याला देत नाही. पाऊस चुकला, रोग आला, तरी वर्षांमागून वर्षे ते तग धरते का, हे आधी पाहावे लागते. मोटारीचेही तसेच आहे. एक दिवस पळून दाखविणे सोपे. पावसात, धुक्यात, गतिरोधकांवरून, उसाच्या ट्रॉल्यांमागून, पगाराच्या तारखेआधीच्या तंगीत, दर दिवशी निघणे आणि दर दिवशी परतणे, ही कसोटी फार अवघड.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या विद्यार्थ्यास एकदा विचारले, "खरे सांग, ही गाडी घेतलीस ती पळविण्यासाठीच ना?"

तो म्हणाला, "नाही सर. आधी मी मोटारसायकलवर जात होतो, तुम्हाला माहीत आहे. करमाडच्या अलीकडे रात्री ट्रॉली उभी होती, दिवा नव्हता. दिसली तेव्हा थांबता आलं नाही. चार महिने पाय प्लास्टरात होता. मग ठरवलं, जी गाडी चांगली थांबते ती घ्यायची. चांगली थांबणारी बघत गेलो तर ही पळणारी निघाली."

"आणि चालवतोस किती वेगाने?"

"ऐंशी. कधी नव्वद. पेट्रोल परवडायला पाहिजे ना! येताना मागं तिघं असतात, ते वर्गणी देतात."

त्या तिघांत पारावर टांग्याची उपमा देणाऱ्या गृहस्थांचा नातू आहे, हे मला नंतर कळले.

रात्री नवाच्या सुमारास ती गाडी गल्लीत वळते. तिचे इंजिन इतर मोटारींहून थोडे खर्जात बोलते. तो आवाज ऐकला, की त्याची आई चुलीपाशी जाते आणि तव्यावर भाकरी टाकते. त्याआधी ती कधी टाकत नाही.