शुष्क-चूर्ण इनहेलर

दम्यात आकुंचित झालेल्या श्वासनलिकांपर्यंत औषधाचे सूक्ष्म चूर्ण रुग्णाच्या स्वतःच्याच श्वासाने पोहोचविणारे साधन. १९५६ मध्ये प्रचारात आलेल्या दाबयुक्त फवाऱ्यात कळ दाबणे व श्वास घेणे यांचा मेळ साधावा लागे. पुष्कळांना तो जमत नसे. चूर्णसाधनात ही अडचण नाही. मात्र औषध सुटण्यास लागणारी शक्ती श्वासातूनच यावी लागते.

ब्रिटिश वैद्य रॉजर आल्टुन्यान (१९२२–८७) हे स्वतः दमेकरी होते. क्रोमोग्लायकेटाचा गुण त्यांनी स्वतःवर मुद्दाम झटके आणून पारखला. त्यासाठी तयार झालेल्या ‘स्पिनहेलर’मध्ये कॅप्सूल छोट्या पंख्यावर फिरे; ते युद्धकाळात वैमानिक होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तथापि ते औषध प्रतिबंधक होय. चालू झटका त्याने शमत नाही. तात्काळ आराम देणारे साल्ब्युटामॉल १९७७ च्या सुमारास ‘रोटाहेलर’मधून चूर्णरूपात मिळू लागले. त्यात प्रत्येक मात्रेस नवी कॅप्सूल भरावी लागते. पण साधेपणामुळे ते भारतात चांगलेच रुळले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘टर्ब्युहेलर’मध्ये अनेक मात्रा एकत्र साठविलेल्या असतात; त्यातून श्वास ओढण्यास मात्र अधिक जोर लागतो. १९८७ च्या माँट्रिऑल करारामुळे फवाऱ्यांतील क्लोरोफ्ल्युओरोकार्बने हद्दपार होऊ लागली, तेव्हा चूर्णसाधनांचे महत्त्व वाढले.

सुमारे १ ते ५ मायक्रोमीटर आकाराचे कणच फुप्फुसात खोलवर जातात. दमट हवेत चूर्णाच्या गुठळ्या होतात. शिवाय तीव्र झटक्यात श्वासाचा जोर घटतो व नेमके तेव्हाच औषध कमी सुटण्याचा संभव असतो. म्हणून अशा वेळी स्पेसरसह फवारा किंवा नेब्युलायझर वापरतात.