परवान्यांचं गणित

वेळणेश्वरला २०१२ मध्ये महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि शिवमंदिर नि समुद्राच्या या गावात संगणकाची भाषाही रुळली. इथून बाहेर पडलेल्या चौघांनी उद्या कंपनी काढली, तर पगाराआधी डोळ्यांसमोर येईल तो सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा खर्च.

मोठ्या कंपन्यांनी यावर फार पूर्वीच तोडगा काढला: भागीदार व्हा, सवलती घ्या. मायक्रोसॉफ्टचा ‘अ‍ॅक्शन पॅक’ म्हणजे छोट्यांचा खरा आधार होता. वर्षाची वर्गणी भरली की विंडोज, ऑफिस आणि विकासकांची साधनं स्वतःच्या कामासाठी मिळत. २००८ मध्ये नवउद्योगांसाठी ‘बिझस्पार्क’ आला, तो तर तीन वर्षं फुकट. किती होतकरू पोरांची सुरुवात त्यामुळे सोपी झाली असेल!

मेख एकच. भागीदारांना मिळणारे हे परवाने कंपनीच्या आतल्या वापरापुरते. ग्राहकाच्या यंत्रावर ते चढवता येत नाहीत.

२०२५ च्या जानेवारीत अ‍ॅक्शन पॅकची विक्री थांबली आणि त्याच्या जागी तीन वेगवेगळ्या किमतींचे संच आले. चौघांच्या कंपनीने सर्वांत महागड्या संचाकडे बघू नये. आपली माणसं किती, क्लाउडचं मासिक बिल किती, एवढं आधी वहीत मांडावं आणि मगच संच निवडून त्याच्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहावी.