गोदेचा उतार आणि नावेचा परवाना

अंबड नगराची अधिष्ठात्री देवता मत्स्योदरी माशाच्या आकाराच्या टेकडीवर विराजमान आहे, आणि तरीही या नगराला स्वतःची मोठी नदी नाही. गोदावरी वाहते ती तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून, आणि तिच्या काठचे शहागड हे जालन्याहून वा औरंगाबादेहून गेवराई-बीडकडे जाणाऱ्या वाटसरूचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उताराचे ठिकाण. आज तेथे पुलावरून वाहने क्षणार्धात पैलतीर गाठतात. परंतु पूल नव्हता तेव्हा पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रवाशाचा जीव एका नावेच्या आणि ती हाकणाऱ्या कोळ्या-भोयांच्या स्वाधीन असे. समोरच्या घाटाला लागायचे असेल तर भरल्या नदीत नाव समोर सोडून भागत नाही. ती आधी काठाकाठाने दोरीने ओढीत प्रवाहाच्या वरच्या अंगाला न्यावी लागते, आणि मग धारेचा ओढा हिशेबात धरून तिरकी सोडावी लागते, म्हणजे ती वाहत वाहत बरोबर पैलघाटाला लागते. किती वर न्यायची, किती माणसे घ्यायची, काठाची फळी पाण्यावर किती वीत मोकळी राहिली म्हणजे पुरे, हे सारे ज्ञान नावाड्याच्या नजरेत होते. या नजरेला राजसत्तेने परवान्याचे बंधन कधी व कशासाठी घातले, हा माझ्या जिज्ञासेचा विषय आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे, आणि त्याच्याविषयीचे नियम वाचताना मन चकित होते. माणूस, घोडा, गाय, उंट, गाडी अशा प्रत्येकाच्या तरणावळीचे दर तेथे ठरवून दिलेले असून मोठ्या नद्यांवर ते दुप्पट आहेत. अवेळी वा घाट सोडून नदी ओलांडणाऱ्यास दंड आहे. बालक, वृद्ध, रोगी, गर्भिणी, संन्यासी आणि राजाज्ञा घेऊन जाणारा दूत यांना नावध्यक्षाच्या मुद्रेवर विनामूल्य उतार आहे. परंतु या सर्वांहून मोलाचा नियम असा की, पुरेशी माणसे वा साधने नसलेली, किंवा डागडुजी न केलेली नाव बुडाली, तर झालेली हानी नावध्यक्षाने भरून द्यावी. गोदेच्या काठी हे नियम जसेच्या तसे चालत होते असा माझा दावा नाही. पण जो अधिकारी नाव चालवितो, त्यानेच ती बुडाल्याचा जाब द्यावा, हा न्याय इतक्या प्राचीन काळी आपल्या देशात लिहून ठेवला गेला, हे विसरता कामा नये.

मोगल अमदानीत दृष्टी हळूहळू महसुलाकडे वळलेली दिसते. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत मीर बहरीच्या, म्हणजे नौकाखात्याच्या, प्रकरणात उताराचे दर आहेत: हत्तीस 10 दाम, भरल्या गाडीस 4, रिकामीस 2, लादलेल्या उंटास 1, आणि 20 माणसांस मिळून अवघा 1 दाम. या उत्पन्नाचा अर्धा वा तिसरा हिस्सा सरकारात जमा होई. तरीही माणसाला इतके स्वस्त ठेवणाऱ्या त्या दरपत्रकात मला औदार्यच दिसते.

नावांची टंचाई आणि नदीचा पूर यांनी इतिहास कसा फिरतो, याचे उदाहरण शहागडाजवळच, दक्षिण तीरावरील राक्षसभुवन येथे घडले. 10 ऑगस्ट 1763 रोजी निजामअली आपल्या काही सैन्यासह उत्तर तीरी उतरून गेला होता आणि उरलेली फौज दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली दक्षिण तीरीच होती. गोदावरी भरून आलेली होती. पेशव्यांनी नेमकी हीच वेळ साधली. दादासाहेब, म्हणजे पेशव्यांचे चुलते रघुनाथराव, शत्रूच्या गराड्यात सापडले असता तरुण पेशवे माधवरावांनी त्यांना सोडविले, विठ्ठल सुंदर रणात पडला, आणि पैलतीरावरच्या निजामअलीला डोळ्यांदेखत चाललेल्या त्या संहारात मदत पाठविता आली नाही.

पुढे 1818 च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्या मुलखात मोडणारे अंबड मात्र अखेरीस निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात राहिले. या काळातच नावेचा परवाना आजच्या अर्थाने कायद्यात शिरला. मुंबई इलाख्यात 1868 साली, उत्तर हिंदुस्थानात 1878 साली असे कायदे झाले, आणि हैदराबाद संस्थानानेही 1314 फसलीत, म्हणजे इसवी सन 1904-05 च्या सुमारास, आपला कायदा केला. 1878 च्या कायद्याचे कलमवार वाचन केले असता त्याचा जीव कोठे आहे ते कळते: उताराचे उत्पन्न जाहीर लिलावाने जास्तीत जास्त पाच वर्षांच्या मक्त्याने द्यावे, सरकारी घाटापासून दोन मैलांच्या आत दुसऱ्या कोणी भाड्याची नाव परवानगीवाचून चालवू नये, दरांचा फलक देशी भाषेत घाटावर लावावा. उतारूंची संख्या व नावेची स्थिती यांविषयी नियम करण्याची मुभा त्यात होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु मक्तेदाराची मक्तेदारी कलमात पक्की झाली, आणि उतारूच्या जिवाचा प्रश्न नियमांवर सोपविला गेला. ज्याने हर्रासात सर्वांत मोठी बोली बोलली तो आपली रक्कम नावेत अधिक माणसे कोंबूनच वसूल करणार, हे कोणाही शहाण्या माणसास कळण्याजोगे होते.

स्वातंत्र्यानंतर पूल झाले आणि जुने घाट ओस पडले. पैठणला जायकवाडीचे धरण 1976 मध्ये पूर्ण झाल्यावर खालच्या गोदेचे वाहणेच बदलले. तरी महाराष्ट्रातील नाव संपलेली नाही. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कळाशी व कुगाव यांच्यामध्ये, वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रचालित नावेस नोंदणी, तपासणी आणि नावाड्याच्या पात्रतेचा दाखला आवश्यक केला आहे, आणि वल्ह्याच्या, बांबूच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका व ग्रामपंचायतीच्या पातळीवर व्हावी अशी तरतूदही त्यात आहे. ही तरतूद उत्तम आहे, आणि ती कागदावर राहिली तर तिचा उपयोग शून्य आहे. म्हणून गोदाकाठच्या ग्रामपंचायतींना माझे कळकळीचे सांगणे आहे की, ज्या गावी आजही भाडे घेऊन नाव चालत असेल, तेथे पुढील आषाढीपूर्वी ती नाव काठावर ओढून तपासावी, आणि किती माणसे बसावीत तो आकडा रंगाने तिच्या फळीवर मराठीत ठळक लिहावा.