थंड पडलेला रिअ‍ॅक्टर

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कोकणातल्या एका कारखान्यात मला रात्रपाळी होती. वरच्या टाकीतून रिअ‍ॅक्टरमध्ये बारीक धारेने आम्ल सोडण्याचे काम चालू होते. बॅचकार्डाप्रमाणे आतले तापमान ४५ अंशांच्या आसपास राहायला हवे होते, आणि काटा ३१ वर होता. मला बरे वाटले. उष्णता सोडणारी अभिक्रिया थंड आहे, म्हणजे आपण धोक्यापासून लांब आहोत, असा माझा सरळ हिशेब. लॉगबुकात ‘३१’ लिहून मी सही केली. शेजारच्या ज्येष्ठ ऑपरेटरने, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, ते पान वाचले. काही न बोलता त्यांनी आधी आम्लाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग मला विचारले, “साहेब, दीड तास माल आत जातोय. तो गेला कुठे?”

माल ढवळणाऱ्या पंख्याची, म्हणजे अ‍ॅजिटेटरची, मोटर फिरत होती, पण अ‍ॅमीटरचा काटा पार खाली आला होता. कपलिंग तुटले होते आणि आतला पंखा उभा होता. जड आम्ल तळाशी साचून राहिले होते, वर माल तसाच. घाईने कपलिंग जोडून पंखा फिरवला असता, तर दीड तासात हळूहळू सुटायची उष्णता काही क्षणांत सुटली असती. सकाळी वरिष्ठ येईपर्यंत रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन, म्हणजे थंड खारे पाणी, चालू ठेवून आणि मोटरच्या बटणाला कोणाचाही हात लागू न देता आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो.

प्रक्रिया-सुरक्षेच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी अण्णांच्या त्या प्रश्नाने करतो, कारण या शास्त्राचा गाभा त्यात आहे. आपल्याला दिलासा देणारा आकडा खरा कशामुळे आला, हे विचारायला शिकणे म्हणजे ही विद्या. हेल्मेट, हातमोजे, सुरक्षा-पट्टा यांची काळजी वेगळी आणि ती हवीच. पण पायरीवरून घसरणारा माणूस आणि ताबा सुटलेला रिअ‍ॅक्टर ही एकाच मापाने मोजायची संकटे नाहीत. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी १५ माणसे गेली. तिथल्या उंच मनोऱ्यात द्रव चढत होता आणि तळाच्या काही फुटांपुरतेच मोजणारे पातळीयंत्र मात्र पातळी उतरत असल्याचे दाखवत होते.

थंड रिअ‍ॅक्टरचे भय समजायला थोडे गणित लागते. ते घाबरण्यासारखे नाही. प्रयोगशाळेतला एक लिटरचा फ्लास्क आणि प्लांटवरचा आठ हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर एकाच घाटाचे धरा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी वीसपट झाली. उष्णता निर्माण होते ती आकारमानात, म्हणजे आठ हजारपट. ती बाहेर जाते पृष्ठभागातून, आणि तो वाढला फक्त चारशेपट. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर पडायची वाट विसाव्या हिश्श्यावर आली. शिवाय तापमान दहा अंशांनी चढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. जॅकेटचे थंड करणे मात्र तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. एका टप्प्यानंतर जॅकेट ही शर्यत हरते. फ्लास्कमध्ये शंभर वेळा गुण्यागोविंदाने झालेली अभिक्रिया मोठ्या भांड्यात उसळते ती यामुळे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या शास्त्राची पायाभरणी ज्या घटनांनी झाली, त्यांत इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोची मी विद्यार्थ्यांना सर्वांत सावकाश सांगतो. तिथे सायक्लोहेक्झेनचे सहा रिअ‍ॅक्टर पायऱ्यांसारखे एकाखाली एक ओळीने होते. मार्च १९७४ मध्ये पाचव्याला तडा गेलेला दिसला. तो काढून चौथा आणि सहावा यांना जोडणारा तात्पुरता पाइप बसवायचे ठरले. रिअ‍ॅक्टरची तोंडे २८ इंची, हाताशी होता तो पाइप २० इंची. दोन्ही तोंडे वेगळ्या उंचीवर, म्हणून पाइपाला दोन ठिकाणी बाक द्यावा लागला आणि दोन्ही टोकांना लवचीक बेलोज तसेच राहिले. या पाइपाचे रेखाटन कोठे झाले? वर्कशॉपच्या फरशीवर, खडूने. कारखान्याच्या मुख्य यांत्रिकी अभियंत्याची जागा तेव्हा रिकामी होती. आतल्या दाबाने त्या वाकड्या पाइपाला पीळ पडेल, बेलोज तो सोसतील का, हा हिशेब कोणी मांडला नाही. बिघडलेली गोष्ट मार्गी लावून काम पुन्हा सुरू करायची सगळ्यांना घाई होती आणि ती माणसे कामचुकार नव्हती. पाइप सुमारे दोन महिने टिकला. त्या दोन महिन्यांतला प्रत्येक दिवस ‘जोड पक्का आहे’ असेच सांगत होता. १ जून १९७४, शनिवारी दुपारी तो सुटला. २८ माणसे गेली, त्यांतली १८ नियंत्रणकक्षात. सुट्टीचा वार नसता तर कचेरीही भरलेली असती. प्लांटवरचा कोणताही बदल, मग तो एका रात्रीपुरता का असेना, लिहून, तपासून आणि जाणत्याची सही घेऊनच करायचा, या आजच्या शिस्तीचा उगम त्या खडूच्या रेघांत आहे.

त्याच काळात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत ‘हॅझॉप’ ही पद्धत आकार घेत होती. आराखडा टेबलावर पसरायचा, चालवणारे, दुरुस्ती करणारे आणि रचना करणारे असे सगळे एकत्र बसवायचे आणि एकेक पाइप धरून विचारत जायचे: यातून काहीच वाहिले नाही तर? जास्त वाहिले तर? उलटे वाहिले तर? दुसरेच काही वाहिले तर? प्रश्न लहान मुलाचे वाटतात. त्यांची उत्तरे द्यायला चार-चार दिवस लागतात. त्याच कंपनीतल्या ट्रेव्हर क्लेट्झ यांनी त्याहून मूलभूत गोष्ट मांडली: घातक माल साठवलाच नाही, तर तो गळायचा प्रश्नच उरत नाही. दहा अलार्म बसवण्याआधी टाकीची गरज तपासा.

भोपाळकडे मी याच प्रश्नाने पाहतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ‘ई-६१०’ या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक, होते. पाणी शिरले, अभिक्रिया पेटली आणि हजारो माणसे गेली. मिक ३९ अंशांना उकळते. ते थंड ठेवणारे शीतक यंत्र जूनपासून बंद होते. वायू जाळून टाकणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी सुटा केलेला. वायू धुणारा स्क्रबर राखीव म्हणून थांबवलेला, आणि त्याची क्षमताही इतक्या लोंढ्याची नव्हती. पाण्याचे फवारे वायू सुटत होता त्या उंचीला पोचलेच नाहीत. यांतली प्रत्येक गोष्ट बंद ठेवायला त्या-त्या दिवशी काहीतरी कारण दिले गेले असेल. मोठे कारण एकच: मिकचे उत्पादन थांबले होते आणि थांबलेला प्लांट निरुपद्रवी वाटतो. पाणी आले कुठून यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न हा, की चाळीस टन मिक वस्तीच्या उशाशी साठवायचे कशाला? मिक वाटेत न येता सेव्हिन हे कीटकनाशक करण्याचा दुसरा क्रम रसायनशास्त्राला माहीत होता. थांबलेल्या प्लांटचा हा धोका विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे पुन्हा दिसला. टाळेबंदीत कारखाना थांबलेला होता, टाकीतले स्टायरीन थांबलेले नव्हते. ते स्वतःशीच जोडले जात, तापत राहिले.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण आले. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात: धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याची मालकावरची जबाबदारी, आणि धोका जवळ आल्याचे दिसल्यास तसे बजावण्याचा कामगाराचा हक्क. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांच्या साठ्यावर ठरावीक मर्यादेपुढे लागू होणाऱ्या जबाबदाऱ्या आणि आपत्कालीन आराखडे आणले. तरीही डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले, माणसे गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा घरात पडल्या.

हे शास्त्र मराठीत लिहिले जावे, असा माझा आग्रह धोका बजावण्याच्या त्या हक्काशी जोडलेला आहे. तारापूर, महाड, लोटे, पाताळगंगा, कुरकुंभ इथे रात्री दोन वाजता रिअ‍ॅक्टरपाशी उभा असणारा माणूस मराठी बोलतो, किंवा हिंदी, भोजपुरी, ओडिया. त्याच्या समोरच्या भिंतीवरची कार्यपद्धती बहुधा इंग्रजीत असते. तिच्यात ‘काय करावे’ असते, ‘का’ नसते. अण्णांना ते ‘का’ कळले होते, वीस वर्षे एकाच रिअ‍ॅक्टरशेजारी उभे राहून. आज कंत्राटावर सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलाकडे वीस वर्षे नाहीत. आणि ज्याला कारण शब्दांत मांडता येत नाही, त्याची धास्ती साहेबाच्या टेबलापर्यंत पोचत नाही. ‘उगाच घाबरतोय’ म्हणून ती वाटेतच विरते. परिभाषेबाबत मी सोवळे पाळलेले नाही. व्हॉल्व्ह, गॅस्केट, इंटरलॉक, परमिट हे पाळीवरचेच शब्द आहेत. व्हॉल्व्हला ‘झडप’ म्हणून कोणी हाक मारत असेल तर तेही चालेल.

या अभ्यासाची सुरुवात विद्यार्थ्याने उष्णतेच्या हिशेबापासून करावी. कारखान्याशेजारी राहणाऱ्यांनी साठा आणि आपत्कालीन आराखडा यांपासून. प्लांटवर काम करणाऱ्यांनी मात्र आधी स्वतःचे लॉगबुक उघडावे आणि गेल्या महिन्याच्या पानांवर ‘तात्पुरते’, ‘बायपास’ आणि ‘अलार्म बंद केला’ हे शब्द कुठे कुठे आलेत ते पेन्सिलीने अधोरेखित करावेत. त्या रात्रीच्या पानावर माझ्या ‘३१’ पुढे अण्णांनी नंतर आपल्या वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘कमी का? अ‍ॅजिटेटर पाहणे.’