वूडकट्सचे आवार : रोमन काळातील एका शेतवस्तीचा शोध

रोमन ब्रिटनच्या इतिहासात हेड्रियनची भिंत, बाथ येथील स्नानगृहे, लष्करी छावण्या आणि ‘व्हिला’, म्हणजे धनिक जमीनमालकांचे ग्रामीण वाडे, यांची वर्णने विस्ताराने येतात. परंतु इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने या बेटावर पाय ठेवल्यापासून पाचव्या शतकाच्या आरंभी रोमची सत्ता तेथून उठेपर्यंत प्रांतातील बहुसंख्य लोक शहरात राहत नव्हते, वाड्यातही नव्हते. ते शेतावर राहत होते, आणि त्यांच्या राहण्याची सर्वांत परिचित रीत म्हणजे आवार. जमिनीत चर खणायचा, खणलेली माती चराच्या कडेला टाकून बांध घालायचा आणि आतल्या जागेत घरे, धान्याची पेवे, गुरांचे वाडे व उकिरडे ठेवायचे, अशी ही रचना होती. या लोकांनी स्वतःविषयी काहीही लिहून ठेवलेले नाही. त्यांच्यावर कर बसवणाऱ्या अधिकाऱ्यांनी जे लिहिले असेल त्यातलेही फारसे उरलेले नाही, आणि म्हणून त्यांचा इतिहास जवळजवळ सर्वस्वी मातीतून काढावा लागतो. तो कसा काढला गेला आणि कोणकोणत्या टप्प्यांवर दुरुस्त झाला हे पाहण्यासाठी दक्षिण इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील वूडकट्स या स्थळाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वूडकट्स हे क्रॅनबोर्न चेस नावाच्या पठारी प्रदेशात येते. येथील खडक खडूचा आहे. तो पांढरा, मऊ आणि पाणी झिरपू देणारा असल्यामुळे साध्या अवजारांनीही खणता येतो, आणि त्यात एकदा चर किंवा खड्डा घेतला की तो पुढे कितीही बुजला तरी आतल्या काळसर मातीमुळे त्याची कड स्पष्ट दिसते. १८८० मध्ये या भागातील रश्मोर ही पंचवीस हजार एकरांहून मोठी जहागीर ऑगस्टस लेन-फॉक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे वारशाने आली आणि वारशाच्या अटीनुसार त्याने पिट-रिव्हर्स हे आडनाव धारण केले. १८८२ मध्ये ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला, तेव्हा त्याखालील पहिला निरीक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. त्याच्या स्वतःच्या जमिनीत प्राचीन वस्त्यांचे उंचवटे जागोजागी होते, खर्च करण्याची ऐपत होती आणि लष्करात मुरलेली शिस्तही होती. १८८४-८५ मध्ये त्याने वूडकट्सची वस्ती जवळजवळ संपूर्ण उकरून काढली, त्यानंतर शेजारच्या विल्टशर परगण्यातील रॉदर्ली ही तशीच दुसरी वस्ती हाती घेतली, आणि १८८७ ते १८९८ या काळात क्रॅनबोर्न चेसमधील उत्खननांचे चार जाडजूड खंड स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले.

त्या काळात प्राचीन स्थळे खणणारे बहुतेक हौशी लोक थडग्यांच्या मागे असत, कारण थडग्यात दागिने, शस्त्रे आणि अखंड भांडी मिळत. साध्या शेतवस्तीत मिळणार ती फुटकी खापरे, जनावरांची हाडे आणि गंजके खिळे. पिट-रिव्हर्सचे मोठेपण हे की त्याने अशाच जागेला प्रतिष्ठा दिली. दुर्मीळ वस्तूपेक्षा नित्याची वस्तू अधिक सांगते, असे त्याचे ठाम मत होते, आणि त्यामुळे प्रत्येक वस्तू कोणत्या चरात, किती खोलीवर आणि कशाच्या सोबत मिळाली याचे तक्ते त्याने आपल्या पगारी सहायकांकडून तयार करवून घेतले. वस्तीचे नकाशे, चरांचे छेद आणि वस्तूंची चित्रे त्याने छापली, एवढेच नव्हे तर स्थळांच्या लाकडी प्रतिकृतीही बनवून घेतल्या. सापडलेल्या हाडांवरून जनावरांचा आकार ठरवता यावा म्हणून त्याने हयात जातींच्या जनावरांची मापे घेऊन त्यांच्या हाडांशी तुलना केली, आणि त्यावरून या वस्त्यांतील गुरे व मेंढ्या लहान चणीच्या होत्या हे दाखवून दिले. माणसांचे सांगाडेही त्याने असेच मोजले. तेही बुटक्या बांध्याचे निघाले. उत्खनन आटोपल्यावर तळाशी स्वतःच्या नावाचे पदक पुरून ठेवण्याची त्याची पद्धत होती, ती यासाठी की पुढे कोणी तेथे खणले तर ही जागा आधी उकरली गेली आहे हे त्याला कळावे.

आवाराच्या संशोधनात सर्वांत महत्त्वाचा पुरावा चराचा असतो. चर एका दिवसात बुजत नाही. खणल्यानंतरच्या पहिल्या काही हिवाळ्यांत कडक थंडीने व बर्फाने फुटलेले खडूचे कपचे कडांवरून घसरून तळाच्या कोपऱ्यांत साचतात, त्यांवर पावसाने आणलेली बारीक माती बसते, कडा स्थिर झाल्या की गवत उगवते आणि त्यानंतर भरण्याचा वेग फार मंदावतो. पुढे शेजारची जमीन नांगरली जाऊ लागली म्हणजे नांगरटीची माती वरच्या भागात उतरते. त्यामुळे चराचा आडवा छेद घेतला असता तळाच्या कपच्यांत मिळालेले खापर आणि वरच्या मातीत मिळालेले खापर यांच्यात कधी कधी शतकांचे अंतर निघते, आणि दोन्ही एकाच टोपलीत टाकली तर आवार केव्हा खणले गेले हे कधीच ठरवता येत नाही. ही प्रक्रिया पिट-रिव्हर्सच्या लक्षात आली होती. वोर बॅरो या प्रागैतिहासिक दफनस्थळाचा उकरलेला चर त्याने मुद्दाम उघडा ठेवला आणि चार वर्षांनंतर त्यात किती माती साचली हे तपासले. त्याच प्रश्नाचा सविस्तर शोध घेण्यासाठी १९६० मध्ये विल्टशरमधील ओव्हर्टन डाउन येथे एक नवा बांध व चर मुद्दाम तयार करण्यात आला, आणि २, ४, ८, १६, ३२, ६४ व १२८ वर्षांच्या अंतराने त्याचे छेद घेण्याचे ठरले. म्हणजे या प्रयोगाचा अखेरचा छेद २०८८ मध्ये घेतला जायचा आहे. ज्यांनी तो आखला त्यांच्यापैकी कोणीही शेवटचा निष्कर्ष पाहणार नव्हते, आणि तरीही त्यांनी तो आखला, ही गोष्ट या विद्येच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगते.

वूडकट्स आणि रॉदर्ली येथे चरांखालोखाल जे ठळकपणे आढळले ते खडूत खणलेले खड्डे. दोन्ही वस्त्यांत ते डझनांनी होते आणि त्यांत कचरा, हाडे, खापरे व क्वचित माणसांचे सांगाडेही मिळाले. अशा खड्ड्यांत लोक राहत असावेत, असा समज विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांपर्यंत ब्रिटिश अभ्यासकांत रूढ होता. तो मोडीत काढला गेरहार्ड बेर्सू या जर्मन पुरातत्त्वज्ञाने. ज्यू वंशाच्या कारणावरून नाझी राजवटीने त्याला पदावरून दूर केले होते. इंग्लंडमध्ये आल्यावर त्याने १९३८-३९ मध्ये सॅलिस्बरीजवळच्या लिटल वूडबरी येथील एक आवार खणले, आणि तेथे सलग मोठे क्षेत्र उघडून लाकडी मेढींचे खळगे, म्हणजे कुजून गेलेल्या खांबांनी जमिनीत सोडलेल्या मातीच्या गोल खुणा, नकाशावर मांडल्या. त्यातून एका भल्या मोठ्या वर्तुळाकार घराचा आराखडा उभा राहिला. लोक घरात राहत होते, आणि खड्डे होते धान्य साठवण्यासाठी.

या खड्ड्यांचे काम कसे चालत असावे, याची कल्पना मराठी वाचकाला अधिक सहज येईल, कारण महाराष्ट्रात ज्वारी पेवात ठेवण्याची रीत कालपरवापर्यंत होती आणि सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. तोंड मातीने घट्ट लिंपले की भिंतीलगतचे थोडे दाणे ओलाव्याने मोड धरतात, आतील प्राणवायू वापरून टाकतात आणि कर्बवायू साचतो. मग कीड जगत नाही आणि उरलेले धान्य सुरक्षित राहते. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, असे जुने लोक बजावीत ते याच कारणाने. हँपशरमधील बट्सर येथे १९७२ पासून पीटर रेनल्ड्स याने प्राचीन पद्धतीची शेती प्रत्यक्ष करून पाहिली. खडूत खणलेल्या खड्ड्यांत धान्य भरून हिवाळाभर ठेवण्याचे त्याचे प्रयोग बहुतांशी यशस्वी झाले आणि असे धान्य पेरणीलाही चालते हे दिसून आले. अशा एका मध्यम खड्ड्यात टनभर धान्य मावते, हे लक्षात घेतले म्हणजे वूडकट्सचे रहिवासी कंगाल होते, असे म्हणणे अवघड होते. मात्र खड्डा निकामी झाल्यावर त्यात जे टाकले गेले ते सगळेच केर म्हणून टाकलेले नव्हते. जनावरांची संपूर्ण धडे, कवट्या किंवा अखंड भांडी काही खड्ड्यांत विचारपूर्वक ठेवलेली दिसतात, आणि जे. डी. हिल या पुरातत्त्वज्ञाने १९९५ मध्ये वेसेक्समधील, म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या याच भागातील, लोहयुगीन (रोमनांच्या आधीच्या) खड्ड्यांचा अभ्यास करून विधी आणि कचरा यांच्यामधली रेघ आपण समजतो तितकी सरळ नाही, हे मांडले.

रोमन काळातील दुसरी खूण म्हणजे भट्ट्या. वूडकट्स येथे जमिनीखाली गरम हवेचे मार्ग असलेल्या रचना मिळाल्या, त्यांना पिट-रिव्हर्सने ‘हायपोकॉस्ट’ म्हटले. हायपोकॉस्ट म्हणजे रोमन घरांत व स्नानगृहांत फरशीखालून खोली तापवण्याची व्यवस्था. शेतवस्तीत ऊब देणाऱ्या फरश्या कोठून आल्या, हा प्रश्न त्या नावामुळे विनाकारण निर्माण झाला होता. १९४० च्या दशकात या रचना धान्य वाळवण्याच्या भट्ट्या असल्याचे मत मान्य झाले, कारण ब्रिटनच्या ओल्या हवेत कापणीनंतरचे धान्य दळण्यापूर्वी किंवा साठवण्यापूर्वी सुकवणे भाग असते. परंतु रेनल्ड्स व त्याच्या सहकाऱ्याने तशी भट्टी बांधून चालवून पाहिली, तेव्हा ती धान्य वाळवण्यास फारशी उपयोगी नाही, उलट मोड आणलेले सातू भाजून मद्यासाठी तयार करण्यास उत्तम आहे, असे आढळले. इतरत्र अशा भट्ट्यांत मोड आलेले जळके दाणेही मिळाले आहेत, त्यामुळे निदान काही भट्ट्यांचा संबंध बीअर तयार करण्याशी होता, हे मानावेच लागते.

वूडकट्सचा एकसंध इतिहास मांडला तो मात्र सी. एफ. सी. हॉक्स या पुरातत्त्वज्ञाने, १९४७ मध्ये, आणि तोही नव्याने एक फावडेही न चालवता. पिट-रिव्हर्सने वस्तीकडे एकाच काळातील एक खेडे म्हणून पाहिले होते. हॉक्सने त्याचेच छापील नकाशे, तक्ते व खापरांची चित्रे घेऊन कोणता चर कोणत्या चराला कापून जातो आणि कोणत्या खड्ड्यात कोणत्या काळची भांडी आहेत हे ताडून पाहिले, तेव्हा एका खेड्याच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलेली एक शेतवस्ती दिसू लागली. रोमनांच्या आगमनाच्या थोडे आधी एका साध्या गोलसर आवारापासून तिची सुरुवात झाली आणि पेवे याच पहिल्या काळातील होती. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून पेवे मागे पडली, भट्ट्या आल्या आणि खडूच्या थरातून शंभर फुटांहून खोल अशा दोन विहिरी खणल्या गेल्या. चौथ्या शतकात आवाराला आणखी लहान आवारे जोडली गेली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात वस्ती उठली. पेवे का थांबली, याचा अर्थ लावताना काही अभ्यासकांनी धान्य कररूपाने राज्याकडे जाऊ लागल्याचे कारण दिले, आणि या प्रदेशात व्हिला कमी असल्याने हा सारा मुलूख सम्राटाच्या खाजगी मालकीचा असावा, असेही सुचवले गेले. दुसरे अनुमान आज डळमळीत वाटते. पहिल्याबाबतही सावध राहावे लागते, कारण लाकडी चौथऱ्यांवरील कोठारे जमिनीत खोल खुणा सोडत नाहीत, आणि पिट-रिव्हर्सच्या मजुरांना मेढींचे खळगे ओळखण्याची सवय नव्हती. तेव्हा धान्य वस्तीतून नाहीसे झाले की केवळ जमिनीखालून वर आले, हे वूडकट्सच्या नोंदींवरून ठरवणे धाडसाचे ठरेल.

अशी आवारे एकूण किती होती, याचा अंदाज विमानातून घेतलेल्या छायाचित्रांमुळे आला. बुजलेल्या चरातील खोल मातीत ओलावा टिकतो, म्हणून त्यावरचे पीक उंच व हिरवे राहते, आणि उन्हाळा कोरडा गेला की जमिनीखालचा संपूर्ण आराखडा शेतात वरून वाचता येतो. ओ. जी. एस. क्रॉफर्ड व अलेक्झांडर किलर या पुरातत्त्वज्ञांनी १९२४ मध्ये केलेल्या उड्डाणांतून साकारलेला ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या तंत्राची पायाभरणी झाली. १९९० नंतर इंग्लंडमध्ये बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च विकासकाने उचलण्याची पद्धत रुळली आणि रस्ते, घरे व खाणी यांच्यासाठी जमीन उकरताना हजारो ग्रामीण वस्त्या समोर आल्या. या ढिगाऱ्यातून अर्थ काढण्याचे काम रीडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या प्रकल्पाने केले. २०१६ ते २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या तीन खंडांनी दाखवून दिले की व्हिला हा अपवाद होता आणि आवाराची शेतवस्ती हा नियम, आणि तो नियमही प्रदेशागणिक निराळा होता.

पिट-रिव्हर्सच्या पद्धतीचा धागा महाराष्ट्रापर्यंत पोचतो. मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने त्याला आपला आदर्श मानून डॉर्सेटमध्येच मेडन कॅसल या प्राचीन दुर्गाचे १९३४ ते १९३७ या काळात उत्खनन केले. तेथे लंडनमध्ये शिकत असलेले ह. धी. सांकलिया यांनी क्षेत्रकार्याचे धडे घेतले. व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक झाला, आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या सांकलियांनी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीपासून नेवाशापर्यंत थर मोजून, छेद काढून खणण्याची शिस्त रुजवली. ज्या रोमच्या करासाठी ब्रिटनमधला शेतकरी राबत होता त्याच रोमच्या जगातली मद्यकुंभांची खापरे नेवाशात मिळाली, पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीत मिळाली. पुढे इनामगावला डेक्कन कॉलेजाने एका प्राचीन खेड्याचा शोध वर्षानुवर्षे चिकाटीने घेतला.

पिट-रिव्हर्स खळग्यांच्या बाबतीत चुकला, भट्ट्यांच्या बाबतीत चुकला, वस्तीच्या काळाच्या बाबतीतही चुकला. तरी त्याच्या चुका पुढच्यांना सुधारता आल्या त्या पुष्कळशा त्याच्याच नोंदींच्या आधारे, कारण स्वतःला ज्याचा अर्थ लागला नाही तेही त्याने लिहून ठेवले होते. याउलट महाराष्ट्रातील कित्येक गावांची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची राखट मातीची टेकाडे, खत म्हणून शेतात पसरली जात आहेत आणि घरांच्या पायांसाठी उकरली जात आहेत. ज्या गावात अशी टेकडी अजून शाबूत आहे, तेथील शिक्षकांनी, ग्रामपंचायतीने आणि शेतकऱ्यांनी माती उचलण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, कोणते खापर किती खोलीवर निघाले हे वहीत मांडून ठेवावे आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे. त्या नोंदींचा अर्थ आज लागला नाही तरी चालेल.